लिनक्स सर्व्हरसाठी अंतर्गत पॅकेज रिपॉझिटरी: मांडणी, सह्या, स्नॅपशॉट

रात्रपाळी

साधारण ४०० सर्व्हरसाठी अंतर्गत रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेस साठवून सर्व्हरना पुरवणारी जागा, उभी करायची आहे. दोन तृतीयांश सर्व्हर रेड हॅट कुळातल्या लिनक्सच्या आवृत्ती ८ आणि ९ चे, थोडे ७ चे अजून शिल्लक, बाकी डेबियन १२. सर्व्हरना बाहेरच्या इंटरनेटची वाट नाही, ती फक्त रिपॉझिटरीच्या मशीनला मिळेल. शिवाय स्वतः बांधलेली तीसेक पॅकेजेस आहेत, आरपीएम (रेड हॅट कुळासाठी) आणि डेब (डेबियनसाठी) दोन्ही.

प्रश्न: साधन कोणतं घ्यावं? डिस्क किती लागेल? सह्यांची नीट पद्धत काय? आणि चाचणीच्या सर्व्हरवर तपासलेलीच आवृत्ती उत्पादनावर जाईल याची खात्री कशी करायची?

शेलशिंपला

साधन नंतर. आधी हे ठरवा की तुम्हाला कॅशे हवी, मिरर हवा, की गोठवलेली रिपॉझिटरी हवी.

कॅशे म्हणजे ॲप्ट-कॅशर-एनजीसारखं काही. ते पोर्ट ३१४२ वर बसतं आणि सर्व्हर मागतील तेवढंच साठवतं. उभं करायला अर्धा तास पुरतो, पण बाहेरची रिपॉझिटरी बदलली की तुमचीही बदलते. मिरर म्हणजे बाहेरच्याची पूर्ण प्रत, ठरावीक वेळाने ताजी होणारी. या दोन्हींत सोमवारी चाचणीवर चालवलेला अपग्रेड आणि गुरुवारी उत्पादनावर चालवलेला तोच अपग्रेड वेगवेगळी पॅकेजेस आणू शकतो. तुमचा शेवटचा प्रश्न पाहता तुम्हाला गोठवलेली, म्हणजे तारखेचे स्नॅपशॉट ठेवणारी रिपॉझिटरीच हवी. मिरर हा तिचा फक्त कच्चा माल.

स्वतःची प्रत का ठेवावी याचं उत्तम उदाहरण सेंटओएसचं आहे. सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली, ७ ची ३० जून २०२४ ला. त्यानंतर नेहमीचे पत्ते बंद झाले, सामग्री व्हॉल्टमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात, गेली, आणि बाहेरच्या मिररयादीवर अवलंबून असलेल्या मशीनवर साधं यम (रेड हॅट कुळाचा जुना पॅकेज व्यवस्थापक) इन्स्टॉलसुद्धा चालेना. ज्यांची स्वतःची प्रत होती त्यांचं काहीच अडलं नाही.

आता एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: रिपॉझिटरी म्हणजे मेटाडेटा, पॅकेजांची माहिती देणाऱ्या फायली. पॅकेजच्या फायली कुठेही पडून राहू शकतात, क्लायंट वाचतो तो मेटाडेटा. आरपीएममध्ये रेपोडेटा फोल्डरातली रेपोएमडी.एक्सएमएल ही मूळ फाइल. तिच्यात प्रायमरी, फाइललिस्ट्स आणि अदर या फायलींची नावं आणि चेकसम असतात. त्याखेरीज अपडेटइन्फो म्हणजे सुरक्षा सूचनांची यादी, कॉम्प्स म्हणजे पॅकेजांचे गट, आणि मॉड्यूल्सची (एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्यांतून एक निवडण्याची सोय) याम्ल फाइल. पुढच्या बहुतेक अडचणी यातलं काहीतरी हरवल्यामुळे किंवा एकमेकांशी न जुळल्यामुळे येतात.

आरपीएमसाठी डीएनएफचं (यमचा वारसदार) रेपोसिंक पुरेसं आहे. पर्याय: रेपोआयडी, डाउनलोड-पाथ, डाउनलोड-मेटाडेटा, आणि जीपीजीचेक. शेवटचा पर्याय सही न जुळणारं पॅकेज उतरवल्यानंतर काढून टाकतो आणि आदेश अपयशी म्हणून परत येतो, त्यामुळे स्क्रिप्टला लगेच थांबता येतं. ८ आणि ९ चे मिरर एकाच मशीनवरून घ्यायचे असतील तर रेपो फाइलमध्ये आवृत्तीचा चल वापरू नका, पूर्ण पत्ता लिहा आणि रेपोआयडी वेगळे ठेवा. नाहीतर ८ च्या फोल्डरात ९ ची पॅकेजेस येऊन पडतात.

रात्रपाळी

रेपोसिंक झाल्यावर मेटाडेटा बनवणारं क्रिएटरेपो चालवावं लागतं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. आणि जागा वाचवायला न्यूएस्ट-ओन्ली वापरू का?

शेलशिंपला

मिररवर क्रिएटरेपो चालवू नका. जुन्या यमच्या काळातली ती सवय आहे. डाउनलोड-मेटाडेटा दिला की मूळ मेटाडेटा जसाच्या तसा येतो आणि फोल्डर लगेच वापरता येतं. त्यावर क्रिएटरेपो-सी चालवलंत की नवा मेटाडेटा पॅकेजच्या हेडरवरून बनतो, आणि अपडेटइन्फो तर हेडरमध्ये नसतं. मग क्लायंटवर डीएनएफ अपग्रेडला सिक्युरिटी पर्याय दिला की उत्तर येतं, करण्यासारखं काही नाही. कोणतीही त्रुटी दिसत नाही, म्हणूनच हे धोकादायक. सगळं अद्ययावत आहे असा अहवाल जातो आणि सर्व्हर महिनोन्‌महिने जुने राहतात.

मॉड्यूल्सची माहिती हरवली तर निदान आरडाओरडा तरी होतो. मॉड्यूलमधल्या पॅकेजसाठी मॉड्यूलचा मेटाडेटा उपलब्ध नाही असं सांगून डीएनएफ ते बसवायला नकार देतो. ८ मध्ये मॉड्यूल भरपूर आहेत, ९ मध्ये कमी.

न्यूएस्ट-ओन्लीबद्दल: तो डाउनलोड-मेटाडेटाबरोबर दिला तर पॅकेजेस फक्त नवी उतरतात, पण मेटाडेटात जुन्यांचीही नोंद राहते. कुणी जुनी आवृत्ती मागितली की ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. शिवाय नव्या कर्नलने दगा दिला तर मागे जायला जुनी फाइलच नसते. जागा वाचवायची तर नको असलेल्या आर्किटेक्चर आणि सोर्स पॅकेजेस वगळा, जुन्या आवृत्त्या नाही.

क्रिएटरेपो-सी लागतं ते तुमच्या स्वतःच्या पॅकेजेसच्या फोल्डरासाठी. तिथे अपडेट पर्याय द्या, म्हणजे आकार आणि वेळ न बदललेल्या फायली ते पुन्हा वाचत बसत नाही. रिटेन-ओल्ड-एमडीला ३ किंवा ४ द्या. आणि ७ चे सर्व्हर आहेत म्हणून हे महत्त्वाचं: क्रिएटरेपो-सी १.० पासून मेटाडेटा मुळात झेड-स्टँडर्डने दाबला जातो आणि ७ चं यम तो वाचू शकत नाही. जनरल-कॉम्प्रेस-टाइपला जीझेड द्या. पॅकेजच्या आतल्या दाबणीलाही हाच नियम: नव्या फेडोरावर बांधलेलं आरपीएम ७ चं आरपीएम उघडूच शकणार नाही. पॅकेज ज्या आवृत्तीसाठी आहे त्याच आवृत्तीच्या वातावरणात बांधा.

साठवण

डिस्कबद्दल. ८ आणि ९ चे बेसओएस, ॲपस्ट्रीम, ईपेल (जादा पॅकेजांचा साठा) आणि डेबियन १२ चा मेन, सिक्युरिटी, अपडेट्स, सगळं फक्त एका आर्किटेक्चरसाठी धरलं तर १ टीबीने सुरुवात करा. स्वतंत्र एलव्हीएम व्हॉल्यूम, त्यावर एक्सएफएस, म्हणजे वाढवता येतं. रूट फाइलसिस्टिमवर कधीही ठेवू नका, रात्रीच्या सिंकमध्ये ती भरली की मशीनच अडकतं.

दर आठवड्याला स्नॅपशॉट म्हणजे दर आठवड्याला पूर्ण जागा, असा समज असतो. तसं नाही. हार्डलिंक वापरा: कॉपी आदेशाला आर्काइव्ह आणि लिंक हे दोन पर्याय एकत्र दिले की शंभर जीबीच्या फोल्डराची दुसरी प्रत एखाद-दोन मिनिटांत तयार होते आणि नवी जागा जवळजवळ लागतच नाही. अट एकच, दोन्ही फोल्डर एकाच फाइलसिस्टिमवर हवेत.

यात एक खड्डा आहे. हार्डलिंक म्हणजे तीच फाइल, दुसऱ्या नावाने. फाइल जागच्या जागी बदलली तर सगळे स्नॅपशॉट बदलतात. फायलींची प्रत जुळवणारा आरसिंक नेहमी नवी फाइल लिहून जुन्याच्या जागी आणतो, म्हणून ठीक चालतं, पण कुणी इनप्लेस पर्याय दिला की सहा महिन्यांपूर्वीचा गोठवलेला स्नॅपशॉटही बदलून जातो. स्नॅपशॉट तयार झाल्यावर त्यातलं काहीही हातानं बदलायचं नाही हा नियम लिहूनच ठेवा.

फोल्डर तारखेच्या नावाने ठेवा आणि चाचणी, उत्पादन असे सिमलिंक (दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारे दुवे) त्यांच्याकडे वळवा. क्लायंटच्या रेपो फाइलमधला पत्ता कायम सिमलिंकचा, म्हणून सर्व्हरवर काही बदलावं लागत नाही. उत्पादनाला नवा स्नॅपशॉट देणं म्हणजे एक सिमलिंक बदलणं, मागे जाणं म्हणजे तोच परत फिरवणं. तोही नीट बदला. एलएन आदेशाला एस-एफ-एन दिलं तर त्याच्या जुन्या आवृत्त्या (७ वरचीही) आधी जुना सिमलिंक काढतात, मग नवा बनवतात. मधल्या क्षणी आलेल्या क्लायंटला ४०४ मिळतो. त्याऐवजी तात्पुरत्या नावाने नवा सिमलिंक बनवा आणि एमव्ही आदेशाला मोठा टी देऊन जुन्यावर न्या. ते एका झटक्यात होतं.

तरीही एक फट उरते. क्लायंटने जुनी रेपोएमडी घेतली आणि प्रायमरी मागेपर्यंत सिमलिंक फिरला, तर त्याला हवी असलेली फाइल नव्या फोल्डरात नसते. पुन्हा चालवलं की जमतं. चारशे सर्व्हर एकाच वेळी अपडेट होत असतील तेवढ्या वेळात सिमलिंक फिरवायचं टाळा.

कुलूपकिल्ली

सह्यांवर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त लोक जीपीजीचेक शून्य करून मोकळे होतात. अंतर्गत नेटवर्क आहे म्हणून सही नको, हा युक्तिवाद चुकीचा आहे. रिपॉझिटरीचं मशीन ताब्यात गेलं तर चारशे सर्व्हरवर रूटच्या अधिकाराने हवं ते चालवता येतं. हे एकच मशीन बाकी सगळ्यांच्या गळ्यात हात घालून उभं आहे, हे विसरू नका.

आरपीएममध्ये दोन वेगळ्या तपासण्या आहेत. जीपीजीचेक पॅकेजची सही तपासतो. रेपो-जीपीजीचेक रेपोएमडीची सही तपासतो, म्हणजे शेजारी ठेवलेली एएससी फाइल. पहिलीच चालू असेल तर खोटं पॅकेज घुसवता येत नाही, पण जुना, भोक असलेल्या पॅकेजांचा मेटाडेटा पुढे करून अपडेट रोखून धरता येतात. दोन्ही चालू ठेवा.

मिरर केलेल्या पॅकेजेसवर पुन्हा स्वतःची सही करू नका. वितरकाची सही तशीच राहू द्या, आणि स्नॅपशॉट बनवताना रेपोएमडीवर तुमच्या किल्लीने वेगळी सही करून एएससी फाइल ठेवा. रेपो फाइलच्या जीपीजीकी ओळीत दोन्ही किल्ल्या येतील: वितरकाची पॅकेजेससाठी, तुमची मेटाडेटासाठी. हमखास चुकतं ते असं: रेपो-जीपीजीचेकसाठी डीएनएफ आरपीएमचा किल्ल्यांचा साठा बघत नाही, प्रत्येक रेपोसाठी वेगळा साठा कॅशेत ठेवतो. त्यामुळे आरपीएम इम्पोर्ट केलेलं असूनही पहिल्या वेळी तो किल्ली स्वीकारायची का, असं विचारतो. स्वयंचलित चालवणीत उत्तर द्यायला कुणी नसतं आणि रेपो बाद होतो. सर्व्हर तयार करतानाच एकदा डीएनएफ मेककॅशे, होकाराच्या पर्यायासह चालवा.

किल्ली आरएसए ४०९६ ची घ्या. एडवर्ड्स वक्राच्या नव्या किल्ल्या सुटसुटीत आहेत, पण ७ च्या आरपीएमला त्या कळत नाहीत. सहीचा डायजेस्ट शा-२५६ किंवा वरचा. ९ मध्ये शा-१ च्या सह्या मुळातच नाकारल्या जातात, आणि जुन्या किल्लीची स्वतःवरची सहीच शा-१ ची असेल तर किल्ली आयातसुद्धा होत नाही. त्यासाठी अख्ख्या सर्व्हरचं क्रिप्टो धोरण सैल करणारे सल्ले दिसतात. ते करू नका, नवी किल्ली काढा.

किल्लीला मुदत द्या, समजा ३ वर्षं, आणि संपण्याच्या ६ महिने आधी कॅलेंडरमध्ये नोंद ठेवा. बदलाचा क्रम असा: आधी जुनी आणि नवी दोन्ही किल्ल्या असलेलं रिलीज पॅकेज (रेपो फाइल आणि किल्ल्या बसवणारं) जुन्या सहीने सगळीकडे पोचवा, ते पोचलं याची मोजणी करा, मगच नव्या किल्लीने सही सुरू करा. उलट केलंत तर नवी किल्ली पोचवणारं पॅकेजच सर्व्हर नाकारतील आणि चारशे मशीनवर हाताने जावं लागेल.

सही बिल्ड सर्व्हरवर नको, वेगळ्या मशीनवर. क्रॉनमधून (वेळापत्रकाने आदेश चालवणारी यंत्रणा) जीपीजी चालवताना इनअप्रोप्रिएट आयोक्टल अशी त्रुटी आली तर किल्लीत बिघाड नाही, पासफ्रेज विचारायला टर्मिनल नाही इतकंच. पिनएंट्री-मोड लूपबॅक द्या.

सुतळी

डेबियनची बाजू मी घेतो. दोन चांगली साधनं: रेप्रेप्रो आणि ॲप्टली. रेप्रेप्रो साधं, भक्कम, फक्त स्वतःच्या पॅकेजेससाठी छान. पण त्याची पारंपरिक वागणूक अशी की एका कोडनेममध्ये (डेबियनच्या आवृत्तीचं नाव) पॅकेजची एकच आवृत्ती राहते, नवी आली की जुनी गेली. तुम्हाला स्नॅपशॉट हवेत, तेव्हा ॲप्टली घ्या.

ॲप्टलीचा क्रम: मिरर क्रिएट, मिरर अपडेट, स्नॅपशॉट क्रिएट, पहिल्यांदा पब्लिश स्नॅपशॉट, पुढे दर वेळी पब्लिश स्विच. चाचणी आणि उत्पादन वेगळ्या प्रीफिक्सखाली प्रकाशित करा. आतला डेटाबेस एका वेळी एकाच प्रक्रियेला उघडता येतो, म्हणून दोन क्रॉन नोंदी एकमेकांवर आल्या की दुसरी पडते. सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये ओळीने ठेवा. पॅकेजेस पुन्हा उतरवता येतात, पण कोणत्या स्नॅपशॉटमध्ये काय होतं हे फक्त त्या डेटाबेसला माहीत असतं, म्हणून बॅकअप त्याचा आधी.

शेलशिंपला यांनी अपडेटइन्फोचं सांगितलं, त्याचं जुळं भावंड इकडेही आहे. ॲप्टली प्रकाशित करताना रिलीज फाइल (डेबियनची रेपोएमडी) नव्याने बनवतं, आणि ओरिजिन, लेबल तुम्ही दिले नाहीत तर स्वतःचे घालतं. डेबियनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स सुरक्षा अपडेट ओळखतं ते ओरिजिन डेबियन आणि लेबल डेबियन-सिक्युरिटी यावरून. लेबल बदललं की ते गुपचूप काहीच करत नाही. म्हणून प्रकाशित करताना ओरिजिन आणि लेबल स्पष्ट द्या, सिक्युरिटीचा स्नॅपशॉट मेनमध्ये मिसळू नका, वेगळा प्रकाशित करा. मग क्लायंटवर ॲप्ट-कॅशे पॉलिसी चालवा. तिच्या उत्तरात ओ आणि एल या अक्षरांपुढे काय दिसतं तेच खरं.

प्रकाशित करताना ॲक्वायर-बाय-हॅश चालू करा. ते नसेल तर पॅकेजेसची यादी कायम त्याच नावाने असते, आणि रिलीज नवी, यादी जुनी अशी जोडी क्लायंटला मिळाली की प्रसिद्ध हॅश सम मिसमॅच येतो. हॅशच्या नावाने फायली असतील तर ही जोडी चुकतच नाही.

ॲप्टलीऐवजी डेबमिररने उतरवलेली प्रत तशीच गोठवणार असाल तर व्हॅलिड-अन्टिल बघा. डेबियनच्या सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या रिलीज फाइलला ७ दिवसांची मुदत असते. आठव्या दिवशी गोठवलेली प्रत ॲप्ट (डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक) नाकारतो. फक्त त्या स्रोतासाठी ही तपासणी बंद करता येते, सरसकट मात्र करू नका.

क्लायंटवर ॲप्ट-की वापरू नका, ती पद्धत मोडीत निघाली आहे. किल्ली ईटीसी खालच्या ॲप्टच्या कीरिंग्ज फोल्डरात ठेवा आणि स्रोतात साइन्ड-बाय लिहा. मजकुरी किल्लीला एएससी हाच प्रत्यय हवा, बायनरीला जीपीजी. फाइलची परवानगी ६४४ ठेवा. ॲप्ट सही तपासतो ती वेगळ्या कमी अधिकाराच्या वापरकर्त्याने, आणि रूटच्या कडक युमास्कमुळे (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) फाइल ६०० झाली तर फाइल डोळ्यांसमोर असूनही नो-पबकी, म्हणजे किल्ली सापडली नाही, असं येतं. घड्याळही बघा: सर्व्हरची वेळ मागे असेल तर रिलीज फाइल अजून वैध नाही म्हणून नाकारली जाते. नव्या व्हर्च्युअल मशीनवर हे वारंवार घडतं.

साठवण

वेब सर्व्हरच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी. एन्जिन-एक्स, २ कोर आणि ४ जीबी मेमरी एवढं पुरतं, ताण प्रोसेसरवर नसतो, नेटवर्कवर असतो. ४०० सर्व्हरनी प्रत्येकी ३०० एमबी एकदम मागितलं तर १२० जीबी झाले. १ गिगाबिटच्या तारेवर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, म्हणजे आदर्श स्थितीत १६ मिनिटं, आणि तेवढा वेळ ती तार भरलेली. टायमरला यादृच्छिक विलंब द्या. डेबियनच्या ॲप्ट-डेली टायमरमध्ये तो आधीच १२ तासांचा आहे.

मध्ये प्रॉक्सी किंवा कॅशे असेल तर रेपोएमडी, तिची एएससी, इनरिलीज आणि रिलीज या फायलींवर नो-कॅशे लावा. आरपीएम आणि डेब फायली मात्र कितीही दिवस कॅशे करा, त्या बदलायच्याच नसतात. नवी एएससी आणि कॅशेतली जुनी रेपोएमडी एकत्र आली की सही जुळत नाही, आणि लोक किल्लीत दोष शोधत बसतात.

४०३ (प्रवेश नाकारला) आला आणि परवानग्या ठीक दिसत असतील तर एसईलिनक्स, म्हणजे लेबलांवर चालणारी जादा सुरक्षा, तपासा. होम फोल्डरातून एमव्हीने आणलेल्या फायलींवर जुनं लेबल राहतं. सीमॅनेज एफकॉन्टेक्स्टने त्या पूर्ण मार्गाला एचटीटीपीडीच्या सामग्रीचं लेबल द्या आणि रिस्टोअरकॉन चालवा. सीकॉन नको, पुढच्या रिलेबलला ते पुसलं जातं.

ऑब्जेक्ट स्टोअरवर ठेवायचा विचार असेल तर नावात अधिकचं चिन्ह असलेली पॅकेजेस आधी तपासा. सी प्लस प्लसच्या लायब्ररींत ते असतं. एस-थ्री पत्त्यातलं ते चिन्ह रिकामी जागा समजतं, मग नेमकी तेवढीच पॅकेजेस मिळत नाहीत.

रात्रपाळी

क्लायंटवरच्या मूळ रेपो फायली काढून टाकून आमची एकच फाइल ठेवायची, असं ठरवलं आहे. पुरे का?

सुतळी

काढू नका, आतला एनेबल्ड शून्य करा. आरपीएममध्ये त्या कॉन्फिग फायली आहेत. बदललेली कॉन्फिग फाइल अपडेटमध्ये तशीच राहते आणि नवी शेजारी आरपीएमन्यू नावाने येते. पण काढून टाकलेली फाइल रिलीज पॅकेजच्या पुढच्या अपडेटला जशीच्या तशी परत येते, एनेबल्ड एकसह. मग बाहेरची वाट नसलेला सर्व्हर तिकडे जोडू बघतो आणि प्रत्येक डीएनएफ आदेश टाइमआउटपर्यंत लटकतो. नोंदणीकृत रेड हॅट असेल तर आरएचएसएमच्या कॉन्फिगमध्ये मॅनेज-रेपोज शून्य करा, कारण ती रेपो फाइल नोंदणीची यंत्रणा पुन्हा पुन्हा लिहिते.

सर्व्हरवर सगळ्यांसाठी प्रॉक्सी ठरवलेला असेल तर अंतर्गत रेपोच्या प्रॉक्सी ओळीत नन, दोन्ही बाजूंना अधोरेषा देऊन. ॲप्टमध्ये त्या होस्टपुरतं डायरेक्ट.

मेटाडेटा-एक्स्पायर डीएनएफमध्ये मुळात ४८ तास आहे. नवं पॅकेज टाकलं आणि सर्व्हरला दिसत नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. अंतर्गत रेपोला १ तास ठेवा.

शेलशिंपला

स्वतःच्या पॅकेजेसबद्दल कुणी लिहिलं नाही. इथला पहिला नियम: प्रकाशित झालेली आवृत्ती पुन्हा त्याच क्रमांकाने बांधायची नाही. एक ओळ बदलली तरी रिलीज क्रमांक वाढवा. त्याच नावाची फाइल वेगळ्या आशयाने टाकली की कुठे चेकसम जुळत नाही, कुठे जुनीच कॅशेतून येते, आणि दोन सर्व्हर एकच आवृत्ती सांगत असूनही वेगळे वागतात. अपलोडच्या स्क्रिप्टमध्येच अडवा: फाइल आधीपासून असेल तर नकार.

चाचणी आवृत्तीला टिल्ड वापरा. १.०~आरसी१ ही आवृत्ती १.० च्या आधीची धरली जाते, डेबियनमध्येही आणि आरपीएममध्येही. टिल्डऐवजी साधा टिंब टाकला तर आरसी १ मोठी ठरते आणि अंतिम १.० कुणाच्याच मशीनवर जात नाही. मग लोक इपॉक (आवृत्तीच्या आधीचा, तुलनेत सगळ्यांवर मात करणारा आकडा) वाढवून सुटका करून घेतात. इपॉक शेवटचा उपाय म्हणूनच वापरा, एकदा वाढवला की त्या पॅकेजला तो कायमचा चिकटतो.

नावांना तुमचा उपसर्ग द्या. ॲप्ट आणि डीएनएफ दोघेही, वेगळं काही सांगितलं नाही तर, सगळ्या रेपोंमधली सर्वांत मोठी आवृत्ती उचलतात. तुमच्या पॅकेजच्याच नावाचं काही ईपेलमध्ये आलं आणि त्याची आवृत्ती मोठी असली, तर ते तुमच्या पॅकेजच्या जागी बसेल. डीएनएफमध्ये प्रायॉरिटी मुळात ९९ आहे आणि लहान आकडा वरचढ, तुमच्या रेपोला १० द्या. ॲप्टमध्ये उलट: मुळात ५००, मोठा आकडा वरचढ. १००० किंवा त्याच्या वर गेलात तर तो खालची आवृत्तीसुद्धा बळजबरीने बसवतो, म्हणून ९०० च्या आसपास थांबा. आणि ८ वर तुमचं पॅकेज मॉड्यूलमधल्या एखाद्या नावाचं असेल तर ते झाकलं जातं, तिथे तुमच्या रेपोला मॉड्यूल-हॉटफिक्सेस एक करा.

कुलूपकिल्ली

पल्प, कॅटेलो, नेक्सस, आर्टिफॅक्टरी या रिपॉझिटरी सांभाळणाऱ्या तयार साधनांचाही विषय निघेल, म्हणून माझं मत सांगतो. कोणत्या सर्व्हरला कोणता स्नॅपशॉट याची नोंद, भूमिकांप्रमाणे परवानग्या आणि त्रुटींचे अहवाल एका ठिकाणी हवे असतील आणि त्यासाठी एक माणूस देता येत असेल, तर कॅटेलो घ्या. फक्त पॅकेजेस पोचवायची असतील तर रेपोसिंक, ॲप्टली आणि एन्जिन-एक्स यांत बिघडण्यासारख्या जागा फार कमी. चारशे सर्व्हर हा आकडा साध्या मांडणीला जड नाही.

रात्रपाळी

शेवटचे दोन प्रश्न. स्नॅपशॉट महिन्याला एकदा पुढे सरकवणार. मधे गंभीर सुरक्षा त्रुटी आली तर? आणि ७ चं काय करायचं?

शेलशिंपला

महिना थांबण्याचा फायदाही आहे. मार्च २०२४ मध्ये फायली दाबणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार सापडलं, ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत पोचलं होतं, स्टेबलपर्यंत नाही. जे रोज सगळ्यात ताजं घेत होते त्यांनाच धावपळ करावी लागली. पण तातडीचा रस्ता आधीच बांधलेला हवा. त्यासाठी तातडी नावाचा एक छोटा, सहसा रिकामा रेपो सगळ्या सर्व्हरवर कायम चालू ठेवा. गरज पडली की मिररमधून फक्त ती पॅकेजेस आणि त्यांची नवी अवलंबनं तिथे टाका, सही करा. त्याआधी डीएनएफ रेपोक्लोजर चालवून अवलंबनं पूर्ण आहेत ना ते बघा, डेबियनवर ॲप्ट-गेट सिम्युलेट पर्यायासह. एक लायब्ररी आणली आणि तिची जोडीदार आणायची राहिली, हीच चूक घाईत होते. पुढचा मासिक स्नॅपशॉट लागला की तातडी रिकामा करा, नाहीतर वर्षभरात तो दुसरी, कुणी न तपासलेली रिपॉझिटरी होऊन बसतो.

साठवण

७ साठी व्हॉल्टमधून एकदाच प्रत घ्या, सही करा आणि ती सिंकच्या वेळापत्रकातून वगळा. आरसिंकने डिलीट पर्यायासह चालणारा मिरर असेल तर हे आजच करा: वितरक जुनी आवृत्ती हलवतात तेव्हा मूळ फोल्डर जवळजवळ रिकामं होतं, आणि डिलीट प्रामाणिकपणे तुमचंही रिकामं करतो. बाकीच्या आरसिंकनाही मॅक्स-डिलीटची मर्यादा लावा, समजा ५००. तेवढ्यावर गेलं की तो थांबतो आणि त्रुटी देतो.

देखरेखीला दोन तपासण्या पुरतात. रोज रेपोएमडी आणि इनरिलीजमधली तारीख वाचा, मिररची ३ दिवसांहून जुनी झाली की इशारा. आणि प्रत्येक आवृत्तीचा एक कोरा कंटेनर उत्पादनाच्या पत्त्यावरून, सगळ्या सह्या तपासत, एक छोटं पॅकेज बसवतो का ते बघा. वेब सर्व्हर २०० देतोय यावर समाधान मानू नका, मुदत संपलेल्या किल्लीलाही तो २०० च देतो.